नळीच्या तळाचा साका

शुक्रवार, १४ तारीख, दुपार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. माझा खोकला गेला. तू दिलेला स्वेटर सैल होतो, पण प्रयोगशाळेतल्या गारठ्यात बरा पडतो.

भावोजी हे पत्र तुझ्याकडे न्यायला बाहेर गाडीत थांबलेत. "एवढं काय लिहितेस, फोन कर की," म्हणाले. फोन काल तीनदा केला. तू 'बोल गं' म्हणालीस की मी 'जेवलीस का' विचारून फोन ठेवते.

तुझं औषध म्हणजे डोळ्यांना न दिसणारे गोळे. रक्तात ते शाबूत राहायचे आणि तुझ्या कर्करोगाच्या गाठीपाशी पोचूनच सुटायचे. ते बांधलेले आहेत की सुटलेत, हे मी एनएमआर नावाच्या यंत्राच्या मोठ्या चुंबकात नळी घालून बघते. सुटे रेणू पडद्यावर टोकदार रेषा उमटवतात. गोळा बांधला गेला की रेषा पसरून दिसेनाशा होतात. सहा आठवडे ठेवलेल्या औषधात एकही रेषा नव्हती. मी शेरा दिला: गोळे शाबूत, वापरायला हरकत नाही.

मग नळ्या धुताना एकीच्या तळाशी पांढरा साका दिसला. यंत्र नळीचा मधलाच भाग बघतं. रेषा नव्हत्या, कारण गोळे चिकटून त्यांची ढेकळं खाली बसली होती. असली ढेकळं फुप्फुसातल्या बारीक नसांत अडकू शकतात. नळी उजेडात धरून बघायची, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. हल्ली यंत्रच नळ्या आत घेतं, म्हणून मी बघणंच सोडलं होतं.

साका काल दिसला असं लिहिणार होते. खोटं कशाला? पंधरा दिवस झाले. दोन वर्षांचं काम मातीत जाईल म्हणून नळी धुऊन टाकली आणि मूग गिळून बसले. एखादीच नळी बिघडली असेल, अशी मनाची समजूत घातली. त्यानंतर गेल्या मंगळवारी तुला पहिला डोस दिला. माझा हात धरून म्हणालीस, "तू तपासलंयस ना, मग मला कसली भीती?"

परवा म्हणालीस, जिना चढताना धाप लागते. मी हसून म्हटलं, वजन कमी कर. मला फार भीती वाटतेय, ताई.

हे वाचलंस की ऊठ आणि भावोजींबरोबर थेट दवाखान्यात जा. हे पत्र डॉक्टरांना दाखव, माझी लाज राखू नकोस. मी आता प्रयोगशाळेच्या मुख्य सरांच्या खोलीत जातेय, सगळं सांगायला. नोकरी गेली तर जाऊ दे.

माझ्यावर चीड, जन्मभर बोलू नकोस. पण त्यासाठी तू हवीस.

तुझ्या औषधाला 'शाबूत' म्हणणारी,
तुझी धाकटी