तिसऱ्या पायरीचा डावा सांधा

मंगळवार, ९ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? इकडे सगळे बरे. माझा खोकला इतका वेळेवर येतो की सून म्हणते, घरात घड्याळ लावायची गरज उरली नाही.

शाळेच्या सभागृहात तू केलेली लोखंडी पायऱ्यांची चौकट अजून डोळ्यांसमोर आहे. वेल्डच्या ओळी काय देखण्या! माशाच्या खवल्यांसारखे एकसारखे पदर. अंगठा फिरवताना लहानपणी पाठ केलेल्या कविता आठवल्या, एक मात्रा कमी नाही की जास्त नाही.

तीस वर्षांपूर्वी मी तुझा वेल्डिंगच्या परीक्षेचा तुकडा सगळ्या कारखान्यासमोर वाकवून मोडला, तुला नापास केलं, आणि तू बोलणं टाकलंस. परवा तपासणीला शाळेने कारखान्यातला जुना तपासनीस म्हणून नेमकं मलाच बोलावलं. तू खाली बघत विचारलंस, "दादा, या वेळी तरी पास ना?"

मी ठप्पा मारला. किती वर्षांनी ‘दादा’ ऐकलं होतं.

तेव्हापासून रात्री त्या पायऱ्या मनातल्या मनात पुन्हा तपासतोय.

शनिवारी त्या पायऱ्यांवर चाळीस मुलं उभी राहून कविता म्हणणार. आपली नात सगळ्यात वर. ठेका पायाने धरायचा, हे मीच तिला शिकवलं, मोठ्या हौसेने. तिचं बघून सगळा वर्ग तसाच ठेका धरतो म्हणे. आता ती स्वयंपाकघरात पाय आपटते आणि मी मनात मोजत बसतो. ऐंशी पाय, एकाच वेळी.

धाकट्या, ठप्प्याआधी मी हातोडीने सगळे सांधे वाजवले होते. सगळे खणखणीत बोलले. तिसऱ्या पायरीचा डावा सांधा बद्द वाजला. तिथली ओळही बाकीच्यांहून रुंद. पाईप आखूड कापला गेला ना? फटीत सळई कोंबून वरून वेल्ड फिरवलास ना? कारखान्यात असल्या चोऱ्या आपण दोघांनीच पकडल्या होत्या. मी ऐकलं आणि ऐकलंच नाही असं केलं. म्हातारपणी कान गेले असतील, अशी स्वतःची समजूत घातली. कान शाबूत आहेत रे.

मुख्याध्यापिकाबाईंना आताच फोन करून सभागृहाला कुलूप लावायला सांगितलंय. चूक कोणाची, असं त्यांनी विचारलं. आधी माझी, म्हणालो.

हे पत्र सून कामावर जाताना तुझ्या हातात देईल. आज बारा वाजता मी तो सांधा कापून बघणार आहे. भरीव निघाला तर चारचौघांत माझे कान उपट, मी हूं की चूं करणार नाही. पण आत सळई निघाली, तर तुझं नाव मला दुसऱ्यांदा घ्यावं लागेल. या वेळी तुझा राग जाईपर्यंत थांबायला माझ्याकडे तीस वर्षं नाहीत. त्याची फार भीती वाटते. पण त्या पायांची जास्त वाटते.

ग्राइंडर धरला की हल्ली हात कापतात. बाराच्या आत ये. तूच काप.

आलास तरी, नाही आलास तरी तुझाच,
दादा