गाऱ्हाणे संपेपर्यंत वणव्याने थांबावे

धनगरवाडा, पेडणे
२७ मार्च १९८८

तीर्थरूप कृष्णनाथमामा,

(तुम्ही सासरेही आहात, तेव्हा नमस्कार दोन समजावेत.) नार्वेला तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? इथे सगळे खुशाल. तुमची काजूची बागही उभी आहे, हे आधीच लिहितो, नाहीतर पुढे वाचताना तुम्हाला घाम फुटेल.

वणवा विझवणाऱ्या आपल्या वाड्याच्या टोळीचा म्होरक्या मी, हे तुम्ही जाणताच. गोवा राज्य झाले याचा आमच्या डोंगरावर पोचलेला एकमेव पुरावा म्हणजे वनखात्याने मला दिलेली शिटी. (गमबूटही आले, पण सगळे डाव्या पायाचे.) शिटी गळ्यात असली की कुत्रीसुद्धा वाट देतात हो! तीच माझी शिटी आता गेली.

मंगळवारी दुपारी तुमच्या बागेच्या वरचे गवत पेटले. मी शिटी फुंकली. (आवाज जरा बसकाच येतो, पण गाल फुगलेले लांबून दिसतात.) टोळीतले सातही जण ओल्या डहाळ्या घेऊन हजर. पण डोंगराच्या राखणदार देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय डोंगरावरच्या आगीला हात लावायचा नाही, ही आपली रीत, आणि गाऱ्हाणे घालणार धोंडिबाआजा! त्यांनी नारळ ठेवून एकेक घर घ्यायला सुरुवात केली. यशोदाकाकीची आटलेली म्हैस, सदूची हरवलेली शेळी, प्रत्येकाला आम्ही ‘व्हय म्हाराजा!’ म्हणतोय आणि आग बांधाशी आलेली. एवढ्यात टोळीतला विजय म्हणाला, ‘आमचं घर राह्यलं.’ झाले! आजा पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्यांदा म्हशीपर्यंत पोचलो तोच आजांच्या धोतराचा सोगा पेटला. त्याच सुरात ते म्हणाले, ‘बा म्हाराजा, पळा रे!’ आम्ही सवयीने ‘व्हय म्हाराजा!’ म्हटले आणि पळालो. (आजा सगळ्यांत पुढे. सोगा खाली कोणाच्या तरी बाल्दीत विझवला.)

वाटेत तुमची लेक शेवंती वर येताना दिसली, मागे अकरा बायका. तिने माझ्या गळ्यातली शिटी ओढून घेतली आणि पाठ फिरवून अशी वाजवली, की अख्खा डोंगर दचकला. मामा, माझ्याने ती तशी कधीच वाजली नाही. बायकांनी कोयत्याने गवत छाटले, डहाळ्यांनी आग झोडपून मारली. तुमची दोनच झाडे होरपळली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गुडघ्याला जपावे.

तुमचा भाचा, जावई आणि माजी म्होरक्या,
सगुण

ता. क. मुद्द्याचे राहिलेच. शेवंती तुमचे ऐकते. शिटी परत द्यायला तिला दोन ओळी लिहा. निदान वनखात्याचे साहेब येतील त्या दिवसापुरती तरी!

ता. क. दुसरा. बाबा, मी शेवंती. पत्र टपालात टाकायला माझ्याच हाती दिले, म्हणून वाचले. बायका अकरा नव्हत्या, आम्ही चौघी होतो. शिटी आजच देऊन टाकते, ह्यांचा जीव आहे तिच्यात. तिच्यात खडा अडकलाय, ती वाजतच नाही. त्या दिवशी मी तोंडात दोन बोटे घालून शीळ घातली, गुरे वळवायला तुम्ही शिकवली होतीत तशी. ह्यांना सांगू नका.