लाल रजईची गच्ची

मन्सूरा, शनिवार

प्रिय इन्साफ,

तुझ्यावरचा माहितीपट मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा संस्कृती भवनात, पुढच्या रांगेत, खुर्चीवर माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली. दुसऱ्यांदा नाईलच्या काठावर, दोन खांबांना पांढरा पडदा बांधून दाखवला तेव्हा. आणि काल मुलींच्या शाळेच्या पटांगणात, तिथे तर मला कुणी बोलावलंही नव्हतं. माहितीपट काढणारी ती शहीरा सगळ्यांना सांगते, की म्हातारीला बहिणीचं किती कौतुक! खरं सांगू? मी दर वेळी याच आशेने गेले, की या खेपेला तू ते वाक्य बोलणार नाहीस. पडद्यावरचं माणूस दर वेळी वेगळं थोडंच बोलणार आहे? पण वयाबरोबर अक्कल येतेच असं नाही. तिन्ही वेळा तू तेच बोललीस आणि मी खाली मान घालून चपलांकडे बघत बसले.

नाईलकाठचा खेळ छान रंगला होता. लोक तुर्मुसचे खारे दाणे सोलत सालं तिथेच टाकत होते. आपली शेजारीण उम्म समीर, जिची जीभ अजून तशीच आहे, भर गर्दीत म्हणाली, “काय हो हाज्जा बहिया, धाकटी ढगात गेली, तोवर थोरली काय करत होती?” मी म्हटलं, “वांगी भरत होते. विमानातून उतरल्यावर तिला भूक लागली असती ना.” सगळे खो खो हसले. मी पण हसले. मग पडद्यावर तुझं विमान धावपट्टी सोडून वर उठलं आणि मागे बसलेल्या बायकांनी एकदम आनंदाने किलकारत ज़गरूता काढल्या. जिभा नाचवत, दम संपेपर्यंत. मला आपली आई आठवली. लग्न असो, बारसं असो, कुणाचा पोरगा परीक्षेत पास होवो, गल्लीतल्या बायका आईला पुढे करायच्या. तिची ज़गरूता पार कालव्यापलीकडे ऐकू जायची. तू लहानपणी कान झाकून ‘आबला, तिला थांबव ना’ म्हणत माझ्या झग्यात तोंड खुपसायचीस.

आता ते वाक्य. तू म्हणतेस, “एकटीने उडायची परवानगी मिळाल्यावर मी विमान आमच्या घरावरून नेलं. अगदी खालून नेलं. आई गच्चीवर होती. तिने तोंडावर हात दाबून धरला होता, रडू दाबायला धरतात तसा. त्या दिवशी कळलं, की माझ्या आईला माझी लाज वाटते.” मग तू जराशी हसतेस आणि शहीराला म्हणतेस, “पुढचं विचार.”

तो शुक्रवार तुला वरून जेवढा दिसला तेवढाच तुला माहीत आहे. खालचा मी सांगते. तू निरोप पाठवला होतास, की दुपारच्या नमाजानंतर येईन, घर ओळखू यावं म्हणून गच्चीवर काहीतरी लाल घाला. आईने सकाळीच माझ्या रुखवताची नवी रजई कबुतरांच्या खुराड्याशेजारी कठड्यावर टाकली. आणि नेमक्या त्याच दिवशी शुक्रीच्या घरचे माझी सोयरीक पक्की करायला, फातिहा वाचायला आले. पुरुष खाली बैठकीत बसले. बायकांना उकडायला लागलं म्हणून त्या सरबताचे पेले घेऊन वर आल्या. तू कैरोत शिक्षिकेचं शिकतेस एवढंच आम्ही त्यांना सांगितलं होतं. विमानाचा आवाज आला तशी माझी होणारी सासू हात कपाळाशी धरून बघत म्हणाली, “आज कुणी मुलगी विमान उडवणार होती म्हणे, तीच ही. कुठल्या घरची मोकाट सोडलेली आहे देव जाणे!” मी म्हटलं, “कुणास ठाऊक, खालाजान. असेल कुणीतरी कैरोची.” इन्साफ, मी असं म्हटलं. आई माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती वर बघत होती, आणि तिने तोंड उघडलं.

तो हात माझा होता. मी मागून तिच्या तोंडावर घट्ट दाबला. ती रडत नव्हती गं, ज़गरूता काढत होती. सगळी माझ्या तळहातात अडकली. तिची जीभ हलतच होती, दात लागले मला, पण तू कालव्यापलीकडे जाईपर्यंत मी हात काढला नाही. सासूबाईंना सांगितलं, उन्हाने आईला मळमळतंय. माझ्या लग्नात सगळ्या बायका आईकडे बघत थांबल्या, तेव्हा ती म्हणाली, “घसा बसलाय.” त्यानंतर तिने कधीच ज़गरूता काढली नाही. चार वर्षांनी मी शुक्रीला हे सांगितलं, तर तो वेडा म्हणतो कसा, “अगं, तेव्हाच सांगितलं असतंस तर मीच गच्चीवर नाचलो असतो!” म्हणजे ज्याच्यासाठी हे केलं, त्याला ते नकोच होतं.

संस्कृती भवनात मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, “आमच्या घरात सगळ्यांना तिचा अभिमान होता.” केवढ्या टाळ्या पडल्या! शहीरा म्हणते, पुढच्या गुरुवारी शेवटचा खेळ आपल्याच गल्लीत आहे, पण तू मॉन्ट्रियलहून कैरोपर्यंतच येणार, मन्सूऱ्याला नाही. तिने मला गळ घातली, की हाज्जा, तुम्ही लिहा, तुमचं ऐकेल ती. म्हणून लिहायला बसले. पण नुसतं ‘ये’ म्हणून कसं चालेल? आईला लिहिता येत नव्हतं. तिची सगळी पत्रं मीच लिहीत होते, आणि ‘आई बरी आहे, कबुतरं वाढली आहेत’ यापलीकडे मी तुला कधी काही कळू दिलं नाही. गुरुवारी मी सगळ्यांसमोर उभी राहून हे सांगणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. पण तुला आधी कळायला हवं. तू मॉन्ट्रियलला गेल्यावरच्या पहिल्या पत्रात आईने जे लिहायला सांगितलं होतं, ते मला अजून पाठ आहे. तेव्हा लिहिलं नाही, आज लिहिते: “माझ्या पोरीला लिही, तू फार सुंदर उडालीस. रजई मी दर शुक्रवारी घालते. पुन्हा ये. या खेपेला बहियाला खाली कोंडून ठेवते.”

तुझीच थोरली बहीण,
आबला बहिया