पहिलीचा वर्ग भिंतीखालून हलवण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
पूर्व उपनगरे विभाग, मुंबई.

शनिवार, दि. २१ जून १९८६

विषय : मुलांना घरी शिकवल्याबद्दल मला आलेली नोटीस आणि ज्ञानविहार प्राथमिक शाळेच्या पहिलीच्या खोलीस असलेला धोका.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची चालू महिन्यातील नोटीस.

महोदय,

१. मी सौ. सुलक्षणा गुणाजी तावडे, राहणार शिवटेकडी, घाटकोपर (पश्चिम). लग्नापूर्वी मी सावंतवाडीस प्राथमिक शिक्षिका होते. माझी मुलगी क्षमा (वय ८) काविळीने बरेच महिने अंथरुणावर होती. त्यात तिचे नाव पटावरून कमी झाले. तेव्हापासून तिला आणि धाकट्या बाळाला (वय ५) मी घरीच शिकवते. यात शाळेचा अवमान करण्याचा हेतू नव्हता.

२. आमची खोली उतारावर आहे. खिडकीतून टेकडीची माती अडवणारी दगडी भिंत दिसते आणि भिंतीच्या पायथ्याशी शाळेची पहिलीची खोली. एप्रिलमध्ये उभी रेघ, आडवी रेघ शिकवताना मी खिडकीच्या गजाला दोऱ्याने कुलूप टांगले. दोरा स्थिर झाला की त्याच्याशी ताडून समोर काय काय सरळ उभे आहे ते सांगायचे, असा खेळ होता. क्षमाने विजेचा खांब सांगितला, शाळेचा कोपरा सांगितला. मग म्हणाली, "आई, भिंत उभी नाहीये. ती खाली वाकून बघतेय." मी हसले. नंतर एक डोळा मिटून स्वतः पाहिले आणि त्या दिवशीचा धडा तिथेच थांबवला.

३. पाऊस लागल्यावर पाणी कुठून येते, कुठे जाते, हे आम्ही खिडकीतून पाहत होतो. भिंतीत पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवलेली आहेत. दरवर्षी त्यांतून धारा लागतात, शाळेची मुले त्यांखाली पाय धुतात. यंदा टेकडीवर पाऊस कोसळतो आहे आणि भोके कोरडी आहेत. बाळाने विचारले, "मग पाणी गेलं कुठं?" दोन दिवसांनी त्यानेच सांगितले, "आई, भिंतीला पोट आलंय."

४. याबाबत मी आपल्याकडे अर्ज केला. भिंतीकडे आमचे लक्ष कसे गेले हे सांगताना, मुले घरी शिकतात असे त्यात लिहून गेले. भिंतीबद्दल उत्तर आले नाही. मुलांबद्दल आले.

५. आपले निरीक्षक श्री. दत्ताराम नाबर तपासणीस आले. क्षमाचे वाचन व पाढे ऐकून त्यांचे समाधान झालेले दिसले. बाळाला त्यांनी विचारले, "समोर काय दिसतं, सांग बघू." बाळा म्हणाला, "भिंत. ती पडणार आहे." निरीक्षकांनी उठून बाहेर पाहिले, खिडकी लावून घेतली आणि मला म्हणाले, "बाई, पोरांना असलं काही शिकवू नका." मुलांच्या मनात भीती भरवली जाते, सबब त्यांना तत्काळ ज्ञानविहार शाळेत दाखल करावे, असे नोटिशीत आहे. बाळाला पहिलीत बसावे लागेल. म्हणजे त्याच खोलीत.

६. त्यानंतर मुख्याध्यापिका श्रीमती कुंदा गडकर माझी समजूत घालण्यास घरी आल्या. मी वाद घातला नाही, दोरा टांगून त्यांना खिडकीशी बोलावले. त्यांनी एक डोळा मिटून भिंत दोऱ्याशी ताडून पाहिली. चहा तसाच ठेवून निघताना एवढेच म्हणाल्या, "सकाळी बघते." दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिलीची मुले फाटकाजवळच्या व्हरांड्यात बसवली. तिथे पाऊस आत येतो, दप्तरे भिजतात, पालक कुरकुर करतात. आता त्यांच्याकडे खुलासा मागितला आहे आणि सोमवारपासून वर्ग मूळ खोलीत भरवण्याचा हुकूम आहे. त्यांची निवृत्ती जवळ आली आहे. हुकूम मोडा, असे त्यांना सांगण्याचा मला अधिकार नाही.

७. काल शाळेच्या सेविका सुंदराबाई ती खोली झाडायला गेल्या, तेव्हा दार उघडेना. चौकट तिरकी झाली होती. सुतार बोलावून दार तासून घेण्यात आले. दार आता व्यवस्थित उघडते, तक्रारीचे निवारण झाले, असे आपल्या कार्यालयास कळवले गेल्याचे समजते.

८. तरी विनंती अशी की, भिंतीची तपासणी होईपर्यंत ती खोली बंद ठेवावी व मुख्याध्यापिकांकडे मागितलेला खुलासा रद्द करावा. माझ्या मुलांना शाळेत घालण्यास मी तयार आहे, त्या खोलीत नाही. सोमवारी शाळा भरण्यापूर्वी मी त्या दारात जाऊन उभी राहणार आहे आणि कोणाचेही मूल आत जाऊ देणार नाही. याला सरकारी कामात अडथळा म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पोलिसांना कळवणार असाल तर त्यांच्याबरोबर आपण स्वतःही यावे. आत येऊन बसण्याची गरज नाही. भिंत फाटकातूनही दिसते.

आपल्या येण्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,

सौ. सुलक्षणा गुणाजी तावडे
शिवटेकडी, घाटकोपर (पश्चिम), मुंबई ८६