बुटांसकट

लिंकन, नेब्रास्का
६ फेब्रुवारी १९९४

ती. लोरीनताईस,

सा. न. वि. वि. तुझ्या दोन पत्रांचं उत्तर राहिलं आहे, तेव्हा हा नमस्कार कान धरून केला आहे असं समज.

बाबांच्या पिकअपला अखेर तळ मिळाला. जुना पत्रा इतका गंजला होता की पेडलच्या शेजारून खालचा रस्ता दिसायचा. आता नवा पत्रा जोडला, घासला, रंगवला. इंजिन मांजरीसारखं गुरगुरतं आणि दारं पहिल्या झटक्यात लागतात. जोलीन म्हणते, की लग्नानंतर माझ्याजवळ बसला नसशील तेवढा वेळ त्या गाडीच्या पोटाखाली झोपलास. बायको खोटं बोलत नाही.

आता अडलंय ते तळावर काय घालायचं, इथे. सोबत दोन तुकडे पाठवतोय. काळं, रेघारेघांचं रबर गाडीत मुळातच होतं तसं आहे. दुसरा गडद लाल गालिचा. तुझं मत कळव. फोनवरच विचारलं असतं, पण तुझा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीला आणि त्याच्या बरोबर खाली बाबांची खुर्ची. त्यांच्याविषयी काही बोलायचं तर पत्रच बरं.

आणि बोलायचं आहेच. कमरेच्या ऑपरेशननंतर ते गप्प गप्प झालेत. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही, हाड छान जुळलंय, पण या वयात भूल दिल्यावर कधी कधी डोकं पूर्वीसारखं राहत नाही, लक्ष ठेवा. म्हणून ठरवलंय, एप्रिलात त्यांच्या वाढदिवसाला गाडी घेऊन येतो. ते चढले, चावी फिरवली, की समजेन आपले बाबा जागेवर आहेत. नाहीतर त्यांना तिथे एवढ्या लांब ठेवायचं की नाही, हा विचार आपल्याला करावाच लागेल.

तुझा,
कर्टिस

*

प्लम हॉलो
१५ फेब्रुवारी १९९४

चि. कर्टिस यास,

अनेक आशीर्वाद आणि एक चापट, दोन्ही सारख्याच मायेने.

माझं मत रबर. डोळे मिटून रबर. गोठ्यातून निघालेला माणूस गाडीत बसणार, वासरू आजारी पडलं तर तेही पुढेच बसणार. संध्याकाळी पाण्याचा पाइप सोडला की काम झालं. गालिचा तो बैठकीत. तिथेही आईनं कुणाला बूट घालून पाऊल टाकू दिलं नाही. आपले पाद्रीबाबासुद्धा मोज्यांवर बसून प्रार्थना सांगायचे, एका मोज्यातून अंगठा बाहेर. आठवतं ना?

आता बाबांचं. तुकडे टेबलावर ठेवले होते. बाबांनी रबराचा उचलला, नखानं खरवडला, वास घेतला आणि शर्टाच्या खिशात घातला. मी परत मागितला, तर खिशावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. परवा मला आईच्या नावानं, एडना म्हणून हाक मारली. मी वळले, तर स्वतःच ओशाळले. आणि काल कॉफीचा डबा सापडला फ्रीजरमध्ये, मटारांच्या पिशवीखाली. तुझ्यापासून लपवून काय करू? पण गुरांचं पाणी, औषधांच्या वेळा, सगळं बिनचूक. मला काही कळेनासं झालंय.

जोलीनला सांग, तिच्या लोणच्याच्या दोन बरण्या रिकाम्या झाल्या. यातून काय समजायचं ते ती समजेल.

तुझी बहीण,
लोरीन

*

लिंकन
२७ फेब्रुवारी १९९४

ती. लोरीनताईस,

सा. न. वि. वि. तुझं मत शिरसावंद्य, आणि तरीही गालिचाच घातला.

थांब, ऐकून घे. दवाखान्यात मी बाबांना मोजे चढवत होतो, तेव्हा त्यांच्या पावलांना हात लागला. बर्फ गं, नुसता बर्फ. या माणसानं आयुष्यभर थंड पत्र्यावर पाय ठेवून आपल्याला शाळेत सोडलं. म्हातारपणी त्याच्या पायाखाली जरा ऊब नको? खाली जाड नमदा अंथरलाय, वर गालिचा, कडा गोंदानं अशा बसवल्यात की तुफान आलं तरी उचकटायच्या नाहीत. गाडी आता गावच्या मिरवणुकीत जाणार, गोठ्यात नाही.

रबर खिशात घातल्याचं मात्र मी तीनदा वाचलं. जोलीनची आजी शेवटी शेवटी अशीच बटणं गोळा करायची. इथल्या एका वृद्धाश्रमात एप्रिलअखेर एक खोली रिकामी होते आहे. खिडकीतून तळं दिसतं. मी बाबांचं नाव घालून ठेवलंय. ओरडू नकोस, नुसतं नाव. बाकी भेटीअंती.

कर्टिस

*

लिंकन
११ एप्रिल १९९४

ती. लोरीनताईस,

सा. न. आज थट्टा सुचत नाही.

वाढदिवशी अंगणात तू होतीस, पण बाबांच्या पाठीमागे. मी त्यांच्या समोर होतो, मला त्यांचा चेहरा दिसत होता. आधी किती खूश होते! गाडीभोवती फिरले, चाकांवर टिचक्या मारल्या, दार उघडलं तेव्हा तर हसलेसुद्धा. एक पाय पायरीवर ठेवला. मग आत बघितलं आणि हसू मावळलं. पाय खाली घेतला. नजर खाली. मी म्हटलं, चढा ना बाबा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही विचारायचं आहे आणि शब्द सापडत नाही. मग दार हलकेच लावलं, दोनदा थोपटलं, जणू परक्याची गाडी आहे, आणि घरात निघून गेले.

चाळीस वर्षं ज्या गाडीत चढले तिच्यात चढायचं कसं, ते विसरले गं. गाडी तुझ्याकडेच सोडली. आता ती इकडे आणून तरी काय करू? येताना जोलीनला वाटेत तिची गाडी बाजूला घ्यायला लावली आणि रडलो. इतका मोठा बाप्या.

त्या खोलीचं महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. मी हो म्हणणार. तू नवरा वारल्यावर तिथे राहायला गेलीस, बाबांचं सगळं केलंस, पण एखाद्या हिवाळ्यात ते बाहेर पडले आणि घरची वाट विसरले तर एकटी काय करशील? दोष तुझा नाही, माझा नाही, कुणाचाच नाही. एकदा नीट विचार करून उत्तर पाठव.

तुझा,
कर्टिस

*

प्लम हॉलो
१७ एप्रिल १९९४

चि. कर्टिस,

आशीर्वाद मागाहून. खोलीला हो म्हणाला असशील तर हे पत्र खाली ठेव, आधी त्यांना फोन करून नाही म्हण, आणि मग पुढे वाच.

म्हटलंस? आता ऐक.

ऑपरेशनपासून बाबांना वाकता येत नाही. मागच्या पडवीत ती खाचेची लाकडी फळी आहे ना, तिच्यात टाच अडकवून ते बूट ओढून काढतात, मग मोज्यांवर आत येतात. रोज बघतेय, पण रोजचं दिसतं कुठे? परवा कुत्र्यानं ती फळी पळवली. मी आतून पाहते तर बाबा पडवीत उभे. एक हात चौकटीला. एक पाय उंबऱ्यावर ठेवला, आत बघितलं आणि परत खाली घेतला. नजर खाली. मी म्हटलं, या ना बाबा. त्यांनी माझ्याकडे तसं पाहिलं. कर्टिस, अगदी तसंच! तुझं पत्र आदल्या दिवशीच आलं होतं आणि तुझी ओळ न ओळ माझ्या डोक्यात होती, म्हणून मी त्यांच्या नजरेमागोमाग खाली बघितलं. खाली शेणानं माखलेले त्यांचे बूट. आणि उंबऱ्याच्या आत बैठकीतला आईचा गालिचा.

बाबा चढायचं विसरले नव्हते रे बाबा! आईनं पन्नास वर्षं शिकवलेलं ते विसरले नव्हते. गालिचा लागला की बूट निघालेच पाहिजेत. आता भर अंगणात, फळीशिवाय, न वाकता ते बूट काढणार कसे? आणि पोरासुनेसमोर, माझे बूट ओढा म्हणून सांगणार कसे? त्यापेक्षा माणूस घरात निघून गेला.

फळी भुशाच्या ढिगात सापडली. बाबा बूट काढून आत आले, कॉफी मागितली. मी तडक शेडमध्ये गेले आणि पुट्टीची पत्ती घेऊन तुझा गालिचा नमद्यासकट उचकटायला बसले. एवढा गोंद कुणी लावतं? माझी नखं गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी अंगणात आणली, दार सताड उघडं ठेवलं आणि चादरी वाळत घालायचं सोंग केलं. बाबा आले. मान तिरकी करून आत पाहिलं. नुसता पत्रा. आणि चढले, बुटांसकट! चावी, चोक, पेडल, सगळं हातापायांना पाठ. मी वाटेत उभी होते म्हणून वर माझ्यावरच हॉर्न वाजवला. मला वाटलं फाटकापर्यंत जाऊन येतील. गेले ते थेट गावात, धान्याच्या कोठाराशेजारच्या कॉफीच्या अड्ड्यावर. जेवायला परत आले तेव्हा गावभरच्या बातम्या तोंडपाठ. कोण आजारी, कुणी ट्रॅक्टर विकला, कुणाची सून रुसली.

मी विचारलं, की एवढं होतं तर सांगायचं नाही का. म्हणाले, विचारलं कुणी? वर म्हणाले, पोरानं एवढ्या हौसेनं गालिचा घातलेला, त्यावर मी शेणाचे बूट ठेवायचे, आणि ते तुझ्या आईनं वरून बघायचं? नको रे देवा!

कॉफीचा डबा आईच फ्रीजरमध्ये ठेवायची, वास टिकतो म्हणून. मीच विसरले होते, तेव्हा आता त्या खोलीत कुणाला पाठवायचं ते तू ठरव. आणि एडना म्हणून हाक मारली तेव्हा मी आईचा झगा घालून चुलीशी उभी होते. आरशात बघितलं तर मीही स्वतःला एडनाच म्हटलं असतं.

आता आशीर्वाद. भरपूर.

लोरीन

*

लिंकन
२१ एप्रिल १९९४

ती. लोरीनताईस,

सा. न. वि. वि., आणि या वेळी साष्टांग!

आधी फोन केला, मग पत्र वाचलं, हुकमाप्रमाणे. वृद्धाश्रमातल्या बाईंनी विचारलं, की वडिलांचं काही बरंवाईट झालं का. तोवर मला काहीच माहीत नव्हतं, नुसतं बहिणीनं सांगितलंय म्हणालो. मग तुझं पत्र वाचलं आणि परत फोन करून सांगितलं, की वडील ठणठणीत आहेत, मुलगा गाढव आहे. त्या खूप हसल्या. छातीवरून दगड उतरला गं. दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. जोलीन म्हणाली, की भूक लागलेली दिसते, तिसऱ्यांदा वाढतेय.

रबर आजच पार्सलानं पाठवलंय. गोंद नाही, काही नाही. अंथरायचं आणि कडेच्या पट्ट्यांचे स्क्रू आवळायचे. बाबांना सांग, त्यांनीच बसवावं. मला वाकता येतं, पण अक्कल नाही.

मन हलकं झालं, तरी एका गोष्टीनं जरा चुटपुट वाटते. त्यांचे पाय थंड ते थंडच राहिले. गालिचा फेकून दे, नाहीतर कुत्र्याखाली घाल, म्हणजे निदान तो फळ्या पळवणार नाही.

तुझ्या उपकाराखाली दबलेला,
कर्टिस

*

प्लम हॉलो
३ मे १९९४

चि. कर्टिस यास आशीर्वाद.

मला पत्रं लिहायची सवय नाही. तुझी आई लिहायची आणि मी खाली "बाबा" एवढं लिहायचो. आता वरचंही मलाच लिहावं लागतं.

रबर बसवलं. लोरीननं धरलं, मी उभ्यानं सूचना दिल्या. पहिल्याच दिवशी एक वासरू पुढे बसवून डॉक्टरकडे नेलं, त्यानं जे करायचं ते केलं. पाइपनं धुतलं. चांगलं रबर आहे.

तुम्ही दोघं एकमेकांना पत्रं लिहिता आणि ती माझ्याविषयी असतात, हे मला ठाऊक होतं. पेटीतून टपाल मीच आणतो. तू तुकडे पाठवलेस तेव्हाच मी रबर उचललं होतं. दोन महिने खिशात घालून फिरलो. याहून मोठ्यानं कसं बोलायचं ते मला येत नाही.

त्या तळ्याचं लोरीननं सांगितलं. मी रागावलो नाही. तळ्यात मासे असतील तर एकदा दाखव. संध्याकाळी घरी परत येऊ.

गाडी झकास झाली आहे. हे त्या दिवशीच सांगायला हवं होतं, पण बुटांच्या विचारात राहून गेलं.

गालिचा कुत्र्याला दिला नाही. लोरीनकडून नीट कापून घेतला आणि पलंगाच्या तुझ्या आईच्या बाजूला अंथरला. सकाळी मी आता त्या बाजूनं उतरतो. तिथे बूट घालून कुणी जात नाही. पाय उबदार राहतात. तुझं खरं होतं, जागा तेवढी चुकली होती.

लोभ आहेच, तो सांगत बसत नाही. वासरं मोठी व्हायच्या आत जोलीनला घेऊन ये.

बाबा