काजळाची डबी

आत्ती, आज तुमच्या नातीनं, माझ्या पोरीनं, स्वतःच्या लेकीच्या बारशात काजळ लावू दिलं नाही. चार बायकांशी भांडली. तिचा तो आवाज ऐकून मला तुम्ही आठवलात.

तुमच्या हातचं काजळ गल्लीत नावाजलेलं. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथी पितळी ताटली, धरलेली काजळी लोण्यात खललेली. आणि तुमच्याच नातीच्या डोळ्यांतल्या दोन्ही बाहुल्या जन्मतःच पांढऱ्या, शिजल्या साबुदाण्यागत. सटवाईनं लिहिलंय, असं बाया म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "लिवलं आसंल. आपण पुसू की!"

कोल्हापुरात डॉक्टरांनी समजावलं, लहानसं भोक पाडून त्यातनं आतला गढूळ गर ओढून घ्यायचा. उशीर झाला तर डोळा बघायला शिकणारच नाही. नंतर औषधाच्या थेंबांशिवाय डोळ्यात काही घालायचं नाही. काजळ घातलंत तर डोळा पिकून जाईल. तुम्ही मान खाली घातलीत.

ऑपरेशन झालं. पोरीनं डोळे चोळू नयेत म्हणून तिच्या कोपरांना पुठ्ठे बांधलेले. थेंब घालायला मी पट्टी सोडते, आणि तुमचा लेक खाटेपाशी येतो. भावकीनं त्याचे कान भरलेले. हातात तुमचीच डबी. "नागड्या डोळ्याची पोरगी म्हणत्यात, आये. दीठ लागंल. तुझ्याच हातचं हाय, का भितीस?"

त्याचं काजळाचं बोट पोरीच्या डोळ्याशी पोचतं. तुम्ही मनगट धरता. तो दुसऱ्या हाताची मूठ हाणतो, तुमचा ओठ फाटतो, रक्त माझ्या पदरावर उडतं. तुम्ही मनगट सोडत नाही. त्याच्या अंगठ्यात दात रोवता, तो ओरडतो, मग पाण्याचा तांब्या उचलून त्याच्या कपाळात घालता. तो खाली बसतो. डबी तुम्ही भिंतीवर अशी आपटता की चुन्यावर काळा फराटा उमटतो.

डॉक्टर धावत आले. "आजी, हे हॉस्पिटल आहे का तालीम?"

"तालीमच की! निकाल लागला, जावा तुमी," तुम्ही रक्त थुंकून म्हणालात. मग मला, "रडतीस काय? थेंब घाल."

पुढं जाड भिंगांचा चष्मा आला, नाडीनं डोक्यामागं बांधायचा. तो घातल्यावर पोरगी गप्प झाली, टक लावून तुमच्याकडं बघत राहिली, आणि तुमच्या ओठावरच्या ओल्या जखमेत बोट घातलं. दुखलं असणार. तुम्ही तोंड हलवलं नाही.

ती अजून विचारते, आज्जीच्या ओठाला काय झालं होतं? पायरीवर पडल्या, एवढंच मी सांगते. तुमचा लेक त्या दिवसानंतर कुणावर हात उचलू शकला नाही, आत्ती. रोज सकाळी तिचा चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसून तोच तिला घालायचा, मरेपर्यंत. तिला बापाचे हात तेवढेच ठाऊक आहेत. हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून खरं लिहिलं. उद्या तिनं विचारलं, तर तुम्ही पायरीवरच पडला होतात.