उसवलेला कोपरा

प्रिय आत्याबाई,

तुमी गेल्यापासून भांडाले कोणी उरलंच नाही. आज मात्र भांडल्याशिवाय मले चैन पडणार नाही, म्हणून लिहून राहिली. सासूले कोणी पत्र लिहिते का, ते बी गेलेल्या सासूले? हसा तिकडं बसून!

आपल्या अमरावतीच्या घरात, समोरच्या खोलीत, मी नवशिक्या बायांले गोधडी शिकवून राहिली. होय, मीच! जिच्या हर गोधडीचा कोपरा तुमी उसवत होत्या, तीच.

वर्गात शबाना नावाची एक बाई येते. लेकीच्या कोचिंगपायी अकोल्याहून इथं खोली करून राहिली आहे. "मी तर सुईच नाही धरली कधी, बाई," म्हणे. अन् पहिल्याच दिवशी तिनं जुन्या साड्यांचे थर अंथरले, गुडघ्याखाली दाबले अन् धावदोरा असा सरळ घातला का बाकीच्या पाहतच राहिल्या. ओळ संपली तशी गोधडीवर हातानं थापटलं अन् हळूच म्हणाली, "नीज आता."

माय वं! माझ्या अंगावर काटाच आला. गोधडीले निजवणारी बाई मी जन्मात एकच पाहिली, तुमी!

तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळून राहिला. ही बाई खोटं कावून बोलली? नणंदबाईंनी पाठवली का माझं कसं चाललं ते पाहाले? तुमी दर हिवाळ्यात लेकीकडं अकोल्याले जात होत्या. "आराम कराले चालली," म्हणत होत्या. आराम! तिथं हिले शिकवत होत्या न?

मले तर कधी हात धरून नाही शिकवलं. मी शिवायची, अन् दुपारी तुमी चष्मा लावून माझा कोपरा उसवायच्या. तोंडातून शब्द नाही. वाईट झाला म्हटलं असतं तरी चाललं असतं. लय रडली मी त्यापायी.

मी शबानावर नजर ठेवली. कोपरा घालाची वेळ आली का ती आपलं काम टाकून माझ्या हाताजवळ येऊन बसायची. माझा संशय अजूनच वाढला.

आज बाकीच्या गेल्यावर सरळ विचारलं, "खरं सांग शबाना, तुले कोणी शिकवलं?"

तिनं मान खाली घातली. "आपकी सास ने, बाई. मी तुमच्या नणंदेच्या शेजारची. अम्मांनी सांगतलं होतं, माझ्या सुनेकडं जाऊन शिक, पण माझं नाव काढशील तर ती शिकवणार नाही."

"काय शिकवणार नाही?"

"कोपरा. अम्मा म्हणायच्या, माझ्या सुनेचा कोपरा पाटावानी सपाट बसते. इतका उसवून पाहिला, पण कापड कसं दुमडते ते मले काही सापडलं नाही."

मी कायले विश्वास ठेवते! मले खूश करून राहिली असन. मग तिनं पिशवीतून एक चौकोनी तुकडा काढला. तुमच्या जांभळ्या लुगड्याचा. चारही कोपरे गुठळ्यांचे, घातलेले, उसवलेले, परत घातलेले. टाका तुमचाच होता, आत्याबाई.

विचारलं असतं न एकदा! एकाच गोधडीवर शिवत बसत होतो आपण. सुनेले विचारून काय नाक कापलं गेलं असतं? मी समजत होती का माझं तुमाले काहीच पटत नाही. इतकी वर्षं, बाप्पा!

अजून एक शंका आहे. शबानाले माझ्याकडं पाठवलं ते कोपऱ्यासाठी, का हे मले कळावं म्हणून? तुमचा काही भरवसा नाही.

उद्या शबानाले कोपरा शिकवीन, हात धरून. अन् तुमच्या हातची शेवटची गोधडी मीच पांघरते. तिचा एक कोपरा गुठळीचा आहे, झोपेत गालाले टोचते. नीट कराले म्हणून कितीदा कात्री हातात घेतली होती. तो कोपरा मी कधीच उसवणार नाही, हा माझा शब्द.

तुमची सून,
वंदना